वजन उतरलं पण ‘फॅट’ वाढलं? काटा पाण्याला फसलाय

सध्या एक निरोप खूप फिरतोय: ‘स्मार्ट काट्यावर वजन उतरलं पण फॅटचे टक्के वाढले, तर तुमचे स्नायू झडताहेत. डाएट लगेच थांबवा, प्रोटीन पावडर सुरू करा.’ माझ्या मावसबहिणीनं तो वाचून आठव्या दिवशी सगळं सोडलं. तिची साखर काठावर आहे, वजन उतरणं ही तिची हौस नाही. म्हणून एकेक मुद्दा घेते.

काटा चरबी मोजतो, हे पहिलं गृहीतक. तो मोजतो वजन आणि विजेला होणारा अडथळा, एवढंच. एका तळपायातून अगदी सौम्य प्रवाह शिरतो आणि दुसऱ्यातून बाहेर पडतो. पाणीदार स्नायूंतून तो सहज जातो, चरबीतून कष्टानं. त्या अडथळ्यात वय, उंची, लिंग मिसळून सूत्र अंदाज बांधतं. शिवाय हा प्रवाह मुख्यतः पायांतूनच फिरतो. पोटावरची चरबी, जी आपल्याला खरी नडते, ती त्याच्या वाटेत फारशी येतच नाही.

टक्के वाढले म्हणजे स्नायू गेले, हे दुसरं. बहिणीचेच आकडे घ्या. वजन ७२ वरून ७० किलो, फॅट ३६ वरून ३७.५ टक्के. गुणाकार केला तर चरबी २५.९ किलोवरून २६.२५ झाली. कमी खाऊन आठ दिवसांत तीनशेहून जास्त ग्रॅम चरबी वाढली? तेवढी साठायला खर्चापेक्षा सुमारे अडीच हजार कॅलरी जास्त पोटात जायला हव्यात! झालं वेगळंच. भात-पोळी कमी केली की यकृतात आणि स्नायूंत साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, उतरतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी जातं. चरबी वगळून उरलेलं सगळं काटा एकाच खात्यात धरतो. त्यातलं पाणी गेलं, अडथळा वाढला आणि चरबीचा आकडा फुगला.

स्नायू थोडे जातात, हे खरं आहे. डाळी, अंडी, पनीर आणि वजनं उचलण्याचा व्यायाम हवाच. पण त्यासाठी डाएट थांबवायचं कारण नाही.

टक्केवारी अचूक असते, हाही समज सोडा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३, पण चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! परक्या बांध्यांवर बेतलेलं सूत्र आपल्याला कसं तंतोतंत लागू पडेल?

बहिणीला सांगितलंय: सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाआधी, कोरड्या पायांनी काट्यावर उभी राहा. पाळीच्या दिवसांतला आकडा धरू नकोस. आठवड्याची सरासरी लिही आणि महिन्यानं ताडून बघ. आणि कमरेला शिंप्याची टेप लाव. आपल्याकडे बायकांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानतात. तिची कंबर त्या आठ दिवसांत दीड सेंटिमीटरनं उतरली होती.