भाकरी आणि मत : एका आक्षेपाला उत्तर

स. न. वि. वि.

‘विषमता सगळ्याच देशांत असते, तिच्यातून हुकूमशाही येते हे जुनेच तुणतुणे आहे, गरिबाला मत नको, भाकरी हवी,’ हा आपल्या प्रतिक्रियेचा गाभा आहे. विषमतेतून हुकूमशाही आपोआप निपजत नाही, हे मीही मानतो. जर्मनीत जुलै 1932 मध्ये 37 टक्क्यांवर गेलेली नाझी पक्षाची मते नोव्हेंबरात घटली होती. तरीही जानेवारीत हिटलर चॅन्सेलर झाला, तो राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्याभोवतीच्या प्रतिष्ठित मंडळींनी त्याला आपल्या सोयीसाठी आत घेतल्यामुळे. बेकारीने गांजलेला मतदार आणि धास्तावलेला धनिक असे दोघेही त्यासाठी लागले.

आपण सोलापूरचे आहात, म्हणून इथलेच सांगतो. पूर्व भागातील बाई दिवसभर वळलेल्या विड्या कारखान्यात घेऊन जाते, तपासनीस त्यांतल्या काही खराब म्हणून बाजूला टाकतो आणि ती गप्प बसते, कारण उद्याचे पान-तंबाखूही त्याच्याच हातून यायचे असते. रोजच्या पोटासाठी ज्याच्यापुढे ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याने सांगितलेल्या चिन्हाला नकार देणे तिला किती जड जात असेल, याचा विचार आपण करावा. विषमतेचा धोका माझ्या मते या मिंधेपणात आहे. कोणाकडे किती गाड्या आहेत, हा प्रश्न त्यामानाने गौण.

गरिबाला स्वातंत्र्याचे सोयरसुतक नसते म्हणावे, तर मे 1930 मध्ये याच शहरात इंग्रजांना मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, पुकारावा लागला नसता. तेव्हा रस्त्यावर उतरलेले गिरणी कामगार काही सुखवस्तू नव्हते. मात्र हजारो माणसे एका भोंग्यावर एकत्र येत होती. आज त्या गिरण्या बंद आहेत, विडी घरोघरी वळली जाते, यंत्रमाग लहानलहान शेडांत विखुरले आहेत. (कामगारांची एकी मोडायला दरवेळी लष्करच लागते असे नाही.) दुसऱ्या टोकाला पैसा मात्र एकवटतो आहे, आणि राजकीय पक्षांना निनावी देणग्या देण्याची निवडणूक रोख्यांची वाट सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये घटनाबाह्य ठरवेपर्यंत खुली होती.

राहिला प्रश्न कणखर राज्यकर्त्याकडून मिळणाऱ्या भाकरीचा. आणीबाणीत गाड्या वेळेवर धावत, असे आपण लिहिले आहे. त्याच 1975 साली वटहुकूम काढून कामगारांचा किमान बोनस 8.33 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आणला गेला, आणि संपाची सोय उरली नव्हती. तो पुन्हा 8.33 टक्के झाला 1977 मध्ये, लोकांनी मतपेटीतून सरकार बदलल्यानंतर.