ग्रीन कार्डापेक्षा पाहुण्याचा व्हिसा बरा

लेकरं परदेशात आणि म्हातारी माणसं गावात, हा विषय लातूर-परभणीकडं निघाला की निकाल आधीच लागलेला असतो: नेत नाहीत, म्हणजे न्यायची इच्छाच नाही. आईवडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे, तो लावा, असं म्हणणारेही भेटतात. परदेशातून पाहिलं तर दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. बहुतेकांना आईवडिलांना कायमचं नेण्याचा हक्कच नसतो. ज्यांना असतो, त्यांच्यापैकीही ज्यांच्या वडिलांच्या नावावर शेत आहे त्यांनी तो वापरण्याआधी थांबावं.

अमेरिकेचंच घ्या. एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला आईवडिलांच्या ग्रीन कार्डासाठी, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यासाठी, अर्ज करता येत नाही, स्वतः ग्रीन कार्डवाल्यालाही नाही. २१ वर्षं पूर्ण झालेल्या नागरिकालाच करता येतो. या प्रकाराला वार्षिक कोटा नाही, म्हणून तो सोपा वाटतो. अडचण कार्ड मिळाल्यावर सुरू होते. सहा महिन्यांहून जास्त गावी राहिलं की परत येताना विमानतळावर चौकशी होते, आणि वर्ष उलटलं की कार्डच धोक्यात येतं. री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याची आगाऊ परवानगी, सहसा दोन वर्षांचं मिळतं, पण त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. पेरणीला गावी आलेला माणूस बँकेच्या आणि वाटणीच्या कामात गुंतला, तर वर्ष कधी सरतं कळत नाही. पासष्टी ओलांडली तरी मेडिकेअर, म्हणजे तिथला म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, विकत घ्यायला आधी सलग पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. नागरिकत्वाची परीक्षा मराठीतून द्यायची सवलतही कार्डावर पंधरा-वीस वर्षं काढल्यावर मिळते. शिवाय अनिवासी ठरलं की भारतात नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. आधीची मात्र राहते.

त्यापेक्षा बी-२, म्हणजे पाहुण्याचा व्हिसा, बरा. व्हिसा बहुधा दहा वर्षांचा मिळतो आणि एका खेपेला सहसा सहा महिने राहता येतं. तारीख व्हिसावरची धरायची नाही, आय-९४ वरची, म्हणजे अमेरिकेत शिरताना होणाऱ्या नोंदीवरची धरायची. सहा महिने राहून महिन्याभरात परत आलं, तर हा पाहुणा नसून रहिवासी आहे असं अधिकाऱ्याला वाटणारच.

कॅनडाचा सुपर व्हिसा मला सगळ्यांत शहाणा वाटतो. एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं आणि व्हिसा दहा वर्षांपर्यंत चालतो. मुलगा किंवा मुलगी तिथली नागरिक वा कायम रहिवासी हवी. घरातली माणसं मोजून ठरलेली किमान मिळकत दाखवावी लागते. त्यात जोडीदाराची मिळकत धरता येते. आईवडिलांची वैद्यकीय तपासणी ठरवून दिलेल्या डॉक्टरकडंच होते. विमा किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आणि किमान एक वर्षाचा लागतो.

खरा घोळ या विम्यात होतो. बीपी-शुगर नसलेले सत्तरीचे आईवडील आपल्याकडं किती? जुना आजार विम्यात धरायचा, तर तो ‘स्थिर’ असावा अशी अट असते, बऱ्याच पॉलिसींत नव्वद किंवा एकशेऐंशी दिवसांची. त्या काळात गोळीचा डोस बदलला, अगदी कमी झाला, तरी बऱ्याच पॉलिसी आजार अस्थिर धरतात. निघायच्या तोंडावर ‘एकदा सगळं तपासून घेऊ’ म्हणून अंबाजोगाईच्या डॉक्टरांकडं जायचं, त्यांनी अर्धी गोळी वाढवायची आणि पुढं टोरांटोत दावा नाकारला जायचा! तपासणी सहा-सात महिने आधी उरका आणि अर्जात एकही आजार लपवू नका. दावा आला की कंपनी जुने कागद मागते.

बाकीचे देश थोडक्यात. ऑस्ट्रेलियाचा पैसे भरून मिळणारा कायमचा व्हिसा माणशी चाळीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर जातो आणि रांग दहा वर्षांहून लांब आहे. तीन किंवा पाच वर्षांचा ८७० क्रमांकाचा तात्पुरता व्हिसा त्यापेक्षा व्यवहारी. ब्रिटनने २०१२ पासून दार जवळपास लावलंच आहे: रोजच्या कामाला दुसऱ्याचा हात लागतो आणि तशी देखभाल भारतात मिळत नाही किंवा परवडत नाही, हे सिद्ध करावं लागतं. जर्मनीत १ मार्च २०२४ ला किंवा त्यानंतर राहण्याचा पहिला परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आईवडील नेता येतात, पण उतारवयात तिथला आरोग्य विमा मिळवणं अवघड.

तरीही ग्रीन कार्डच हवं असेल, तर कागद आधी बघा. कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरं चाळली गेली, तेव्हा जुन्या कागदाची किंमत मराठवाड्याला कळलीच आहे. सत्तरीतल्या माणसाची जन्मनोंद बहुधा नसतेच. जन्मनोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा. उशिराच्या नोंदींवरून राज्यात वाद झाला आणि २०२५ मध्ये नियम कडक झाले, तेव्हा नव्या नोंदीच्या मागं धावू नका. ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून नोंद नसल्याचा दाखला घ्या आणि त्याला शाळेची टीसी व जन्म माहीत असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं जोडा.

टीसीवर १ जून असणार, कारण गुरुजींनी अर्ध्या गावाला तीच तारीख दिली. ती चालते, फक्त पासपोर्ट, आधार आणि पॅनवर तीच हवी. दोन सख्ख्या भावांच्या तारखांत सहा महिन्यांचं अंतर निघालं, तर मात्र प्रतिज्ञापत्रात खुलासा लिहून ठेवा. आईचं माहेरचं नाव टीसीवर आणि सासरचं पासपोर्टवर असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला आत्ताच काढा. वडिलांच्या अर्जाला तो तसाही लागतो.