सोडवा म्हणजे नक्की काय करा?

आमची कन्या दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती. पीयूसीला (म्हणजे आमच्या कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला) गेल्यापासून ती गणित इंग्रजीत करते, बसच्या पाट्या कन्नडमध्ये वाचते आणि भांडते तेवढी मराठीत. परवा संध्याकाळी तिनं वही पुढ्यात टाकली. ‘सॉल्व्ह द फंक्शन’, आणि खाली एक्सचा वर्ग वजा ५ एक्स अधिक ६. एवढंच. बरोबरचं चिन्हसुद्धा नाही.

‘ह्यात काय एवढं?’ असं म्हणून मी एक्सच्या जागी १० घातले. शंभरातून पन्नास गेले, सहा मिळवले, ५६. ‘सुटलं!’

‘बाबा, १० कुठून आणलात?’

‘हाताशी होते.’

बेळगावच्या माणसाला ५६ आकडा दिसला की गणित बाजूला राहतं. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हापासून आमच्याकडे ‘सुटला का?’ हा प्रश्न एकाच प्रश्नाबद्दल विचारतात. कन्येला तो इतिहास ऐकवायला घेतला, तर ती म्हणाली, ‘उद्या टेस्ट आहे.’

घोळ त्या ‘सोडवा’चा होता. आपण गाठ सोडवतो, अडकलेलं वासरू सोडवतो, नवऱ्याची तंबाखू सोडवतो (निपाणीकडे हे जरा अवघडच). शेजारच्या कन्नड अक्का कट्ट्यावर मटार सोलत होत्या. त्यांच्या भाषेत शेंगाही ‘बिडसायच्या’ आणि गणितही बिडसायचं. फंक्शनची साल नेमकी कुठून धरायची, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

तेवढ्यात हिनं दळण आणायला पिटाळलं आणि गिरणीत माझ्या डोक्यात उजेड पडला. फंक्शन म्हणजे गिरणी! वरून एक्स टाका, खालून पीठ घ्या. दहा टाकले, छप्पन्न पडले. हे नुसतं दळण झालं. गिरणीला कोणी ‘सोडव’ म्हणत नाही. सोडवायचं असतं ते समीकरण. पीठ समोर ठेवून विचारायचं, वरून काय टाकलं होतं? आता पीठ शून्य हवं, तर टाकायचे २ किंवा ३. छप्पन्न हवं, तर १० किंवा वजा ५. वजा १ मागाल, तर कुठलीही वास्तव संख्या टाका, पडणार नाही. ही गिरणी वजा पावच्या खाली उतरतच नाही.

हे मी गिरणीवाल्याला पट्ट्याच्या आवाजावर ओरडून सांगितलं.

‘काय सांगालास बे? दोन धान्यांचं पीठ एकच?’

त्याची शंका अगदीच खुळी नव्हती. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनाही अशी पंचाईत पडली होती. कळपाच्या पाचव्या भागातून ३ माकडं वजा करा, उरतील त्यांचा वर्ग गुहेत गेला, एक फांदीवर दिसतंय. तर कळप केवढा? उत्तरं येतात ५० आणि ५. त्यांनी ५ बाजूला ठेवलं, कारण पाचाचा पाचवा भाग एक, आणि एका माकडातून तीन माकडं काढणार कशी? आमचं वजा ५ त्यांनी गिरणीच्या पायरीवरही उभं केलं नसतं. मला मात्र ते चालतं. जिथं माकडं नाहीत, तिथं वजा संख्येला अडवायचं कशाला?

घरी येऊन कन्येला म्हटलं, ‘प्रश्न अर्धाच लिहिलाय. पुढं बरोबर शून्य धर.’ तिनं अर्ध्या मिनिटात अवयव पाडले, २ आणि ३ लिहिलं आणि वही मिटली. माझी गिरणी ऐकायला ती थांबलीसुद्धा नाही.

आतून हिचा आवाज आला. ‘अहो, मी गहू दिले होते. हे पांढरं काय आणलंत?’

व्याख्यानाच्या भरात मी दुसऱ्याच कुणाचा तरी डबा उचलला होता. चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं, डोळे मिटले.

‘ज्वारी,’ मी म्हणालो, ‘किंवा तांदूळ.’