सूर्याच्या कमानींचे तापमान अंदाजपंचे काढलेले नाही

सूर्याच्या करोनातील, म्हणजे प्रभामंडलातील, प्लाझ्माच्या (विद्युतभारित कणांच्या तप्त वायूच्या) कमानींचे तापमान दहा-वीस लाख केल्विन असल्याचे निव्वळ अंदाजाने सांगितले जाते, असा एक मजकूर बराच फिरतो आहे. तिथे तापमापक कोणी नेलेला नाही, चित्रांतले रंग संगणकाने भरलेले असतात आणि ५,८०० केल्विनच्या पृष्ठभागाने त्याहून तप्त वातावरण तापवणे उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमात बसत नाही, अशी त्याची तीन कारणे आहेत.

तापमापकाचे कारण एका वाक्यात निकालात निघते, कारण मजकूरकर्त्याला मान्य असलेले ५,८०० केल्विनही प्रकाशावरूनच काढलेले आहेत.

करोनाचा प्रकाश तर याहून स्पष्ट बोलतो. १८६९ च्या खग्रास ग्रहणात त्याच्या वर्णपटात ५३०.३ नॅनोमीटरवर एक हिरवी रेषा आढळली. ती कशाशीच जुळेना, म्हणून ‘कोरोनियम’ नावाचे मूलद्रव्यही कल्पून झाले. ग्रोट्रियान आणि एडलेन या शास्त्रज्ञांच्या कामातून १९४० च्या आसपास उलगडा झाला, की ती रेषा तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची आहे. त्यातला तेरावा इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ३६१ इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) लागतात. ५,८०० केल्विनला कणांची ऊष्मीय ऊर्जा जेमतेम अर्धा इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. वीस लाख केल्विनला ती १७० च्या घरात जाते आणि सरासरीहून वेगवान इलेक्ट्रॉनांच्या धडकांनी ते काम होते. रेषेची रुंदीही हेच सांगते: वीस लाख केल्विनच्या लोहकणांच्या धावपळीने ती सुमारे ०.०७ नॅनोमीटर रुंद व्हायला हवी, आणि प्रत्यक्षात ती त्याहून थोडी अधिकच भरते, कारण प्लाझ्माची घुसळणही तीत मिसळते.

रंग कृत्रिम असतात, हे मात्र खरे. १७.१ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही, तेव्हा त्याला सोनेरी दाखवायचे की हिरवे, हा सोयीचा भाग आहे. तापमान रंगावरून नव्हे, तर निरनिराळ्या तरंगलांबींत नोंदलेल्या तेजस्वितेवरून काढतात. शंका घ्यायचीच होती तर ती इथे घ्यायला हवी होती: दोनच गाळण्यांतील (ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश आत सोडणाऱ्या फिल्टरांतील) तेजाचे गुणोत्तर नेहमी एकच तापमान हाती देते, मग दृष्टिरेषेत वेगवेगळ्या तापमानांचे दहा धागे का असेनात. सूर्याची निरीक्षणे घेणाऱ्या ‘ट्रेस’ यानाच्या चित्रांत कमानी बुडापासून माथ्यापर्यंत जवळपास एकाच तापमानाच्या वाटल्या, तेव्हा हा पद्धतीचाच दोष तर नाही ना, यावर संशोधकांत बराच वाद झाला. म्हणून आता मागच्या-पुढच्या प्लाझ्माचा प्रकाश वजा करून, ‘एसडीओ’ यानाच्या अनेक गाळण्या किंवा ‘हिनोदे’ यानावरील वर्णपटमापकाने टिपलेल्या लोखंडाच्या कित्येक रेषा एकत्र घेऊन, कोणत्या तापमानाचा प्लाझ्मा किती आहे, हे काढले जाते. मतभेद उरतो तो कमानीतल्या या वाटणीबद्दल. ५,८०० च्या जवळपास कोणाचेच उत्तर येत नाही.

दुसरा नियम उष्णता आपोआप थंडाकडून तप्ताकडे जाण्याला मनाई करतो, कामातून ऊर्जा पोहोचण्याला नाही. थंड हातांनी लाकडावर लाकूड घासूनही ठिणगी पडते. पृष्ठभागाखालची खळबळ चुंबकीय क्षेत्ररेषांना पीळ घालते आणि ती ऊर्जा वर जाऊन मुरते. लहरींवाटे की असंख्य सूक्ष्म स्फोटांवाटे, हे अजून ठरायचे आहे. वहनाने वाहणारी उष्णता मात्र तप्त करोनाकडून खालच्या थंड थरांकडेच येते, अगदी नियमाला धरून.