फोटोत कोण आलंय बघा की ओ

रात्री अकराच्या पुढं मोबाईल 'टिंग' वाजला की समजायचं, सोलापुरात कुणाच्या तरी घरी भूत निघालं. आधी फोटो येतो. मग तोच फोटो झूम करून, त्यावर लाल गोल. मग लाल गोलाकडं जाणारा बाण, कारण गोल दिसला नाही तर? आणि शेवटी मेसेज : "फोटोत कोण आलंय बघा की ओ." बायको कूस बदलून विचारते, "आलं का गिऱ्हाईक?" गिऱ्हाईक म्हणावं तर या कामाचे पैसे आजवर कुणी दिलेले नाहीत.

पूर्वभागात माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट साइज, बारसं, वास्तुशांत, लग्नसराई, यावर घर चालतं. पण कॅमेऱ्यातलं याला सगळं कळतं, असं कुणीतरी कुठंतरी बोलून गेलं आणि गावभरची भुतं माझ्याकडं तपासणीला यायला लागली. डॉक्टरला लग्नाच्या पंगतीत गाठून लोक गुडघा दाखवतात, तसं माझं झालंय. पानात जिलबी पडेपर्यंत शेजारचा मोबाईल काढतो.

सगळ्यात जास्त भरणा पांढऱ्या गोलांचा. आमच्या गल्लीतल्या अक्कांचं उदाहरण घ्या. खाली चादरीचे माग, वर माडीवर घर. नातवाचं बारसं श्रावणात झालं, पण फोटो निवांत बघायला सवड मिळाली पितृपंधरवड्यात. पाळण्याच्या वर अंधारात दहा-पंधरा पांढरी गोल तरंगत होती.

"मामंजी आलेत," अक्का म्हणाल्या. "पणतूला बघायला."

"अक्का, फोटो काढला तेव्हा खाली माग चालू होते का?"

"चालूच असणार की. दिवाळीची ऑर्डर होती."

मग मी समजावलं. मागावरून सुताचा बारीक कापूस उडतो, तो घरभर तरंगत असतो. मोबाईलचा फ्लॅश लेन्सला अगदी खेटून असतो. लेन्सच्या पुढं दोन-चार बोटांवर एखादा तंतू आला, की फ्लॅशचा उजेड त्याच्यावर आपटून सरळ लेन्समध्ये परत येतो. इतक्या जवळची वस्तू फोकसमध्ये येऊ शकत नाही, म्हणून तिचा ठिपका पसरून गोल होतो. धूळ असो, पावसाचा थेंब असो, चिलट असो, सगळ्यांचं गोलच. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांवर फ्लॅश लेन्सपासून चांगला वीतभर लांब असायचा, म्हणून तेव्हा अशी गोलं क्वचित दिसायची. छोटे डिजिटल कॅमेरे आले, फ्लॅश लेन्सला चिकटला आणि जगभरच्या आत्म्यांना एकदम गोल आकार आला.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "असेल. पण हे मधलं मोठं गोल बघा. ते कोण?"

"जो कण लेन्सच्या जास्त जवळ, तो मोठा दिसतो."

"तेच म्हणते मी. मामंजी कुठल्याबी कार्यात सगळ्यात पुढंच बसायचे."

यावर काय बोलणार? मीही हट्टाला पेटलो. दिवा घालवला, कोपऱ्यातली नवी कोरी चादर घेऊन दोनदा जोरात झटकली आणि फ्लॅश मारून फोटो काढला. पडदाभर गोलं. एकावर एक, लहान-मोठी, मोजता येणार नाहीत इतकी. "आता बघा," मी विजयी सुरात मोबाईल पुढं केला. अक्कांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं आणि पदर डोक्यावर घेऊन दोन्ही हात जोडले.

"अगं बाई! सगळंच खानदान आलंय की ओ!"

तो फोटो त्यांनी माझ्याकडून मागून घेतला. तो आता त्यांच्या सगळ्या पाहुण्यांकडं आहे. खाली माझ्या स्टुडिओचं नाव टाकून.

दुसरा प्रकार आरपार दिसणाऱ्यांचा. जानेवारीत सिद्धेश्वराची, म्हणजे गड्ड्याची यात्रा भरली की होम मैदानावरून हे फोटो येतात. भाच्यानं शोभेच्या दारूकामाचा फोटो काढला होता. आकाशात झकास फुलं, आणि खाली एक माणूस, ज्याच्या पोटातून पलीकडचा आकाशपाळणा दिसतोय. "मामा, हा माणूस तिथं नव्हताच बे," भाचा म्हणाला. (मामाला 'बे' म्हणणारी पिढी भुताला कशाला घाबरते, हे मला कळलेलं नाही.) माणूस होता. नाईट मोडमध्ये फोन एक फोटो काढतच नाही. दोन-तीन सेकंदांत अनेक काढतो आणि एकमेकांवर रचतो. गडी निम्मा वेळ तिथं उभा होता, मग भजी घ्यायला गेला. त्यामुळं निम्मा तो दिसतो, निम्मा पाळणा.

याची उलटी गंमत तर फोटोग्राफीच्या जन्मापासूनची आहे. 1838 साली दागेर नावाच्या फ्रेंच माणसानं पॅरिसमधल्या एका रहदारीच्या रस्त्याचा फोटो घेतला. गाड्या, घोडे, माणसं, सगळं चालू होतं. पण कॅमेऱ्यातल्या प्लेटवर चित्र उमटायलाच काही मिनिटं लागायची. चालणारं सगळं पुसलं गेलं आणि भर दिवसा रस्ता ओसाड आला. उरले ते फक्त दोघं, बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा राहिलेला माणूस आणि त्याचा पॉलिशवाला. हाच दागेर गड्ड्यात आला असता, तर लाखाच्या गर्दीतून त्याच्या फोटोत फक्त पाळण्याच्या तिकिटाच्या रांगेतली माणसं आली असती. ती हलतच नाहीत.

भिंतीत चेहरा दिसणारे, झाडात चेहरा दिसणारे यांना मी लवकर वाटेला लावतो. दोन काळे डाग आणि खाली एक आडवा डाग मिळाला, की आपला मेंदू तोंड बनवून मोकळा होतो. 1976 साली व्हायकिंग 1 यानानं मंगळावरच्या एका टेकडीचा फोटो पाठवला, तर त्यातही लोकांना चेहरा दिसला. पुढं चांगल्या कॅमेऱ्यानं बघितलं, तर नुसती टेकडी. आमच्याकडच्या कडक भाकरीवर तर रोज कुणी ना कुणी दिसतं, आम्ही त्याला शेंगाचटणी लावून खातो. पॅनोरमातली तीन हातांची आजी, लेन्सपुढं आलेला कॅमेऱ्याचा पट्टा, स्वतःचंच बोट, हे तर मी बघायच्या आधीच उत्तर पाठवतो.

खरा फटका बसला तो सीसीटीव्हीनं. नव्या पेठेतल्या एका कापड दुकानदारानं पहाटे तीनला फोन केला. बंद शटरसमोर पांढरं, लांब हातापायांचं काहीतरी हेलकावे खातंय, तेही तासभर. स्कूटर काढून गेलो. मालक, त्यांचे दोन मुलगे आणि वॉचमन, चौघं रस्त्याच्या पलीकडं उभे. शटरसमोर कोणी नाही, पण मोबाईलवर भूत चालूच. मी स्टूल मागवलं. रात्रीच्या कॅमेऱ्याला स्वतःचे इन्फ्रारेड दिवे असतात. आपल्या डोळ्यांना तो उजेड दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. त्या उबेला किडे येतात, किड्यांना कोळी येतात, आणि लेन्सपुढं लोंबणारा नखाएवढा कोळी पडद्यावर माणसाएवढा पांढराफटक चमकतो. तसाच एक गृहस्थ जाळ्यावर झोके घेत होता. वॉचमनकडून केरसुणी घेतली, एक फटका मारला. भूत गेलं.

मी स्टुलावरून उतरेपर्यंत मालक माझ्या पायाशी वाकलेले. बाहेरची बाधा केरसुणीनंच झाडतात, हे आपल्याकडं लहान पोरालाही माहीत. "मंत्र कुठला म्हणलात ओ?" त्यांनी हळूच विचारलं. मी कोळी दाखवला. ते हसले. "सांगायचा नसतो, माहितंय मला." त्या आठवड्यात एक बाई झोप न येणारी सून घेऊन स्टुडिओत आल्या. मी तिचा पासपोर्ट फोटो काढून दिला. तिला बरं वाटलं, असं नंतर कळलं.

मला हेवा वाटतो तो अमेरिकेतल्या बॉस्टनच्या विल्यम मम्लरचा. 1860 च्या दशकात हा पठ्ठ्या गिऱ्हाइकाचा फोटो काढायचा आणि मागं मेलेला नातेवाईक उमटवून द्यायचा. दर नेहमीच्या फोटोपेक्षा कितीतरी चढा. पुढं राष्ट्राध्यक्ष लिंकनची विधवा पत्नीही त्याच्याकडं गेली होती, फोटोत मागं लिंकन उभे आहेत. त्याची चोरी उघडी पडायला लागली ती अशी, की फोटोतली काही 'भुतं' बॉस्टनमध्येच जिवंत हिंडताना सापडली. 1869 मध्ये न्यूयॉर्कला खटला झाला. सर्कसवाल्या बार्नमनं त्याच्याविरुद्ध साक्ष दिली, शिवाय असा फोटो मुद्दाम बनवून घेतला, स्वतःच्या मागं लिंकनचं भूत उभं करून. तरी पुरावा अपुरा म्हणून मम्लर सुटला. एकदा फोटो घेतलेल्या प्लेटवरच दुसरा फोटो घ्यायचा, अशा डझनभर युक्त्या तेव्हाही लोकांना ठाऊक होत्या. त्यानं नेमकी कुठली वापरली, ते कोर्टात सिद्ध झालं नाही, एवढंच.

आणि खरं सांगायचं तर मीही तोच धंदा करतो. रात्री फुकटात भुतं घालवतो, दिवसा पैसे घेऊन आणतो. लग्नाच्या अल्बमात वारलेल्या वडिलांना उभं करून द्या, हे काम हल्ली महिन्याला चार-पाचदा येतं. परवाच एक नवरदेव आला. वडिलांचा एकच फोटो, रेशनकार्डावरचा, त्यावर अर्धा शिक्का. मी बसून शिक्का काढला, कोट चढवला, फेटा बांधला, मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. चेहरा इतका लख्ख आला की मलाच कौतुक वाटलं.

त्यानं स्क्रीनकडं बराच वेळ बघितलं.

"छान केलंय ओ. पण अप्पांना जरा धूसर करता येईल का? एवढे क्लिअर आले तर लोक म्हणतील, फोटोशॉप केलंय."