केवड्याला सांगा, मार्चनंतर ये

एमएस्सी बॉटनी झालंय, नाशिक सोडायचं नाहीये आणि पीएचडी करावी असं मनात आलंय? अभिनंदन. विषय शोधायची चिंता नको. ओझरच्या पुढे गाडी थांबवा, कुठल्याही द्राक्षबागेत शिरा आणि पान उलटून बघा. वरून तेलकट पिवळे डाग, खालून पांढरी बुरशी, म्हणजेच द्राक्षावरचा केवडा रोग, विषय हजर. (खरं तर ती बुरशीही नाही, पण ते व्हायव्हाला.) शोधावा लागतो तो पैसा. त्यासाठी अनुभवाचे चार बोल.

आईवडील निवडताना चूक करू नका. बागायतदार बघा, शक्यतो एक्स्पोर्टवाले.

परीक्षाही नीट निवडा. शेतकी कॉलेजातून आलेले आमचे मित्र एएसआरबीची (कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची) नेट ही पात्रता परीक्षा पास होतात, पेढे वाटतात, आणि मग त्यांना कळतं की ही नेट प्राध्यापक व्हायला पात्र ठरवते, फेलोशिप देत नाही. प्राध्यापकांची भरती कधी निघते ते मला विचारू नका. फेलोशिप हवी तर सीएसआयआर-यूजीसीची नेट द्या, लाइफ सायन्सेस घेऊन. फक्त जून 2024 सारखं नशीब नको. तेव्हा परीक्षा चार दिवसांवर आली असताना पुढे ढकलली होती.

नेटच नको असेल तर यूजीसीची नॉन-नेट फेलोशिप आहे, महिना 8,000. ती केंद्रीय विद्यापीठातच मिळते. महाराष्ट्रातलं केंद्रीय विद्यापीठ वर्ध्याला आहे आणि ते हिंदीचं आहे. द्राक्षावरचा केवडा तिथे कुठल्या विभागात बसतो ते तुम्हीच बघा.

बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपची माहिती हवी असेल तर आझाद मैदानात चौकशी करायची. उपोषणाला बसलेले सीनियर प्रेमाने सांगतात.

समजा, नेटमधून जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप, मिळाली. 1 जानेवारी 2023 पासून ती 31,000 ची 37,000 झाली, शिवाय घरभाडं. आकडा पेपरात छापून आला, त्यामुळे मामांना पाठ आहे. लग्नकार्यात ते सगळ्यांना सांगतात, "आपल्या भाच्याला सरकार बसून सदतीस हजार देतं." मामा, सरकार देतं हो. पण ते माझ्या खात्यापर्यंत येताना मध्ये एक टेबल लागतं.

त्या टेबलाची रीत समजून घ्या. दर महिन्याला कॉलेजने बँकेच्या पोर्टलवर सांगायचं असतं की हा विद्यार्थी जिवंत आहे आणि काम करतोय. एकजण भरणार, तो मेकर. दुसरा तपासून मान्य करणार, तो चेकर. दोन बटणं. आमचे मेकर म्हणजे ऑफिसातले भाऊसाहेब. त्यांच्याकडे अ‍ॅडमिशन, परीक्षा फॉर्म, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली आणि वर निवडणुकीची ड्युटी. ते बिचारे उशिरा का होईना भरतात. चेकर साहेब मात्र मीटिंगमध्ये असतात. सकाळी मीटिंगमध्ये, दुपारी मीटिंगमध्ये, चार वाजता पुण्याला निघालेले आणि मग चाकणला अडकलेले. परत आले की ओटीपी जुन्या नंबरवर जातो. नंबर बदलायचा अर्ज विद्यापीठात. महिना हुकला की पैसे एरियर्समध्ये, आणि एरियर्स कधी म्हणून विचारलं की "तुम्हाला पैशाचीच घाई फार!" हे वाक्य मला गेल्याच आठवड्यात ऐकवलं गेलं, आणि तेही घरमालकाचा फोन खिशात वाजत असताना. हो, मला पैशाची घाई आहे. खोलीचं भाडं, मेस आणि पिंपळगाव-दिंडोरीच्या बागांपर्यंतचं पेट्रोल संशोधनाच्या आवडीवर भागत नाही.

कंटिन्जन्सीचं, म्हणजे संशोधनाच्या वरखर्चाच्या पैशांचं, तंत्र त्याहून सुंदर. विज्ञानशाखेला पहिली दोन वर्षं वर्षाला 12,000. यात प्रायमर, एन्झाइम, सिक्वेन्सिंग, प्रवास, झेरॉक्स सगळं बसवा. उरलेल्यातून कॉन्फरन्स करा. बिलावर जीएसटी नंबर हवाच. शेतकऱ्याने पानं फुकट दिली असतील तर त्याची पावती कशी आणायची, यावर मी अजून विचार करतोय.

आणि हे पैसे आमच्याकडे उगवतात फेब्रुवारीत. 31 मार्चच्या आत खर्च करा, नाहीतर परत. आता केवड्याचं वेळापत्रक बघा. ऑक्टोबर छाटणी होते, फुटी निघतात, आभाळ भरून येतं, अवकाळी पडतो, आणि काही दिवसांतच पानं डागाळतात. नमुना तेव्हाच घ्यायचा. हा परजीवी जिवंत पानावरच वाढतो, पेट्री डिशमधल्या माध्यमावर वाढत नाही, म्हणजे बाटलीत भरून मार्चची वाट बघत बसवता येत नाही. मार्चमध्ये माझ्याकडे पैसे असतात आणि बागेत काढणी चालू असते. नमुना घ्यायचा म्हणजे पुढची ऑक्टोबर छाटणी. एक हंगाम गेला म्हणजे पीएचडीचं एक वर्ष गेलं. फेलोशिप पाचच वर्षांची असते, ती काही हंगाम बघून वाढत नाही.

नागपूरच्या अधिवेशनात डिसेंबर 2023 मध्ये विचारलं गेलं होतं, पीएचडी करून काय दिवे लावणार? पुरे झाला उपरोध, सरळच बोलतो. दिवे लावायचे तर आधी तेल लागतं. ते दिल्लीने मंजूर केलंय, बँकेत पडलंय, आणि ते अडवून बसलेत पक्क्या पगाराचे लोक, ज्यांचा स्वतःचा पगार दोन दिवस लांबला की स्टाफरूममध्ये युनियनची भाषा सुरू होते. साहेब, ही फेलोशिप तुमच्या खिशातून जात नाही. आम्ही उपकार मागत नाही. नॅकच्या रिपोर्टात "जेआरएफधारक संशोधक" म्हणून आमची नावं ठळक अक्षरात छापता, तेव्हा ओटीपी बरा सापडतो! तुमच्याकडे वेळ नसेल तर चेकरचं काम दुसऱ्या कुणाला द्या. तेवढीही सही होत नसेल, तर कॉलेजच्या दारावरची "संशोधन केंद्र" ही पाटी काढून ठेवा, पुढच्या पोरांची फसगत तरी टळेल.