पंप फेकून कपालभाती करा म्हणे!

तलावपाळीला चालायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवरून एक मेसेज आमच्या नौपाड्यात सगळ्यांकडे आलाय. सीओपीडीवाल्यांनी (श्वासनळ्या अरुंद होऊन धाप लागते तो फुफ्फुसांचा जुनाट आजार) रोज कपालभाती करायची, मग श्वास रोखायचा, फुफ्फुसं नव्यासारखी होतात, पंपाची, म्हणजे इनहेलरची, सवय लागते तो फेकून द्या. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंनी खरंच पंप बंद केला, अर्धं आयुष्य गावी चुलीच्या धुरात गेलेली बाई, म्हणून लिहितेय.

आधी नव्यासारखी. एम्फिसीमात, म्हणजे सीओपीडीच्याच एका प्रकारात, फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंती नष्ट झालेल्या असतात, त्या परत येत नाहीत, ना औषधाने ना प्राणायामाने.

पंपाची सवय? अहो, आजार रोजचा म्हणून पंप रोजचा, त्याला व्यसन कसं म्हणता! स्टिरॉइडचा असेल तर घेतल्यावर खळखळून चूळ भरा, नाहीतर तोंडात बुरशी होऊ शकते.

आता कपालभाती. या आजारात खरी अडचण हवा बाहेर जाण्याची असते. आठ वाजताच्या लोकलमधून आतले उतरल्याशिवाय नवे चढणार कुठून, तसंच, जुनी हवा आत अडकते आणि नवीन घ्यायला जागाच उरत नाही. त्यात भराभरा, जोर लावून श्वास सोडला की कमजोर श्वासनळ्या आणखी दबतात आणि हवा अजून अडकते, वर श्वास रोखायचा म्हणजे धाप लागलेल्या माणसाला छळणंच झालं. ज्याची फुफ्फुसं धडधाकट आहेत त्याने खुशाल करावं, पण त्याच्या अनुभवावरून काकूंना सल्ला देऊ नये!

मग श्वासाचे व्यायाम बिनकामाचे का, तर मुळीच नाही. नाकाने सावकाश श्वास घ्यायचा, मनात एक-दोन, आणि शिट्टी मारताना करतो तसे ओठ करून हळूहळू सोडायचा, एक-दोन-तीन-चार, अजिबात जोर न लावता. त्याने श्वासनळ्या जास्त वेळ उघड्या राहतात. स्टेशनचा जिना चढताना पाय वर टाकायचा तो श्वास सोडताना, धाप लागली तर कठड्यावर हात टेकून जरा पुढे वाकून थांबायचं, मागचे ढकलाढकली करतील, करू देत.

आणि ज्याने खरंच फरक पडतो त्याचं त्या मेसेजमध्ये नावच नाही, पल्मोनरी रिहॅब. साधारण ६ ते ८ आठवडे किंवा जास्त, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली चालणं, हातापायांची ताकद वाढवणं, श्वासाचं तंत्र. दम कमी लागतो, चालणं वाढतं. तुमच्या छातीच्या डॉक्टरांना विचारा कुठे होतं ते, आणि तोवर पंप चालू ठेवा.